हत्तुरे मामांचं बक्षीस

सोलापूर स्टँडवरून सहाची एसटी सुटली तेव्हापासून हत्तुरे मामांनी आपला डावा अंगठा कशालाही लागू दिला नव्हता. धुतलेल्या पांढऱ्या रुमालात तो गुंडाळून वरून त्यांनी सुतळीची गाठ मारली होती. तिकीट उजव्या हातानं घेतलं, खिडकीची काच उजव्या हातानं सरकवली, टेंभुर्णीला चहाचा कप उजव्या हातानं धरला आणि बशी मला धरायला लावली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून, फार लागलंय का हो, असं विचारलं. मामा म्हणाले, लागलं नाही, सरकारला दाखवायला चाललोय. त्यानंतर बाईंनी स्वारगेटपर्यंत मागे बघितलं नाही.

आदल्या दिवशी त्यांनी अंगठ्याला खोबरेल चोळलं होतं आणि सकाळी तो शिकेकाईनं धुतला होता. रेषा न् रेषा उठली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुसट उठला तर साहेब म्हणतील, जुळतोय बहुतेक.

"आणि जुळलाच तर?" मी विचारलं.

"कसा जुळंल बे? मी खबर दिलीच नाही, तर जुळंल कसा?"

एवढ्यावरून कोणाला काही कळणार नाही, म्हणून थोडं मागे जातो. हत्तुरे मामा पुण्याला सरकारी बक्षीस मागायला चालले होते. ते बक्षीस आपल्याला मिळू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

येमूल मालकांच्या चादरीच्या कारखान्यात मामा गोदाम सांभाळायचे आणि मी बिलं करायचो. मी बावीस वर्षांचा, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. मामांची त्याच गोदामात अठ्ठावीस वर्षं झाली होती. कारखाना लहान, चाळीस माणसांचा, पण कंत्राट मोठं होतं: आश्रमशाळांच्या वसतिगृहांना सरकारतर्फे चादरी पुरवायच्या. आम्ही त्या पुरवायचोही. फक्त त्याच त्या पुरवायचो. ट्रक सरकारी गोदामाच्या पुढच्या दारानं आत जायचा, तिथला बाबू माल पोचल्याचा शिक्का मारायचा, ट्रक मागच्या दारानं बाहेर पडायचा आणि चादरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याकडे. आठवड्यानं नवं बिल, नवं चलन आणि जुन्या चादरी. एवढा प्रवास केलेल्या आणि एकदाही कोणाच्या अंगावर न पडलेल्या चादरी सोलापुरात दुसऱ्या नसतील.

मामांना मालकांनी सांगितलं होतं की सरकारला पॅकिंग पसंत पडत नाही, म्हणून माल परत येतो. मामांनी ते मानलं. मालक अठ्ठावीस वर्षांत त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, आणि सरकारला एखादी गोष्ट पसंत पडत नाही यात त्यांना नवल वाटत नव्हतं.

मामांची एक पद्धत होती. माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक गठाणीच्या तरटावर ते ओल्या विभूतीचे तीन बोटांचे पट्टे ओढायचे, कपाळावर ओढतात तसे. माल निघाला की ओढायचे. परत आला आणि परत निघाला की परत ओढायचे, पहिल्या पट्ट्यांच्या खाली, मध्ये जागा सोडून. तिसऱ्या खेपेला निघालेली गठाण देवळातून नुकत्याच बाहेर आलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची.

मग एका मंगळवारी धाड पडली. दोन जीपा आल्या. त्यातल्या साहेबांनी मालक कोण ते विचारलं नाही, वह्या मागितल्या नाहीत. चाळीस माणसांसमोर त्यांचा पहिला प्रश्न असा की विभूतीचे पट्टे ओढलेल्या गठाणी कुठे आहेत.

मामा पुढे झाले. "माझेच आहेत ते," म्हणाले, आणि साहेबांना आत घेऊन गेले. इतक्या वर्षांनी कोणीतरी आपल्या पद्धतीची चौकशी केली याचा त्यांना आनंद झाला असावा. एकेक गठाण वळवून त्यांनी पट्टे दाखवले. जिथं पुसले गेले होते तिथं बोट ठेवून, इथं पण होते साहेब, असं सांगितलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं की एकाच गठाणीवर तीन खेपांच्या खुणा आढळल्या. खाली मामांची सही आहे, पूर्ण नावाची, सिद्रामप्पा मल्लप्पा हत्तुरे.

कारखान्याला सील लागलं. मालक जामिनावर सुटले ते हॉस्पिटलात गेले आणि तिथून हैदराबादला भावाकडे. माग भंगारात गेले. चाळीस माणसं घरी बसली. घरी बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ असतो, आणि सगळ्यांचा विचार एकाच जागी येऊन थांबला. सरकारला फसवणाऱ्याची खबर देणाऱ्याला वसुलीचा दहावा हिस्सा बक्षीस, असा तक्ता तेव्हा पोस्टात लावलेला होता. पट्टे कोणाला माहीत होते? मामांना. ओढले कोणी? मामांनी. साहेबांना दाखवले कोणी? ते तर सगळ्यांनी बघितलं होतं. म्हाताऱ्यानं देवाचं नाव सांगून आपल्या डोळ्यांदेखत सरकारसाठी खुणा केल्या, असं अंबादास गाजूल म्हणाला. अंबादास मागावर चादरी विणायचा, शांत माणूस होता, आणि शांत माणूस एखादी गोष्ट म्हणाला की लोकांना ती खरी वाटते.

मामांना कोणी शिवी दिली नाही. ते दिसले की माणसं बोलता बोलता थांबायची, एवढंच. कोणी फार मोकळ्या मनाचा असला तर, काय मामा, बंगला कधी, असं विचारायचा. महादेवी मामी कडक भाकरी करून विकायच्या. निम्मी गल्ली त्यांच्याकडून घ्यायची. धाडीनंतर गल्लीनं भाकरी सोडली. मामा तीन कारखान्यांत गोदामाच्या कामासाठी जाऊन आले. तिन्ही ठिकाणी बसायला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. खबऱ्याच्या हातात गोदामाची किल्ली कोण देणार?

तेव्हा मामांना ती युक्ती सुचली. त्यांच्या घरी एक पत्र्याची पेटी होती आणि तीत सरकारनं त्यांना आयुष्यभर दिलेले नकार ठेवलेले होते. रेशनकार्डात नाव वाढवायचा नकार, नळाचा नकार, भावाच्या जमिनीच्या नकलेचा नकार. प्रत्येकावर गोल शिक्का.

"सरकार देत काय नाही बघ," ते मला म्हणाले, "पण नाही म्हणायचं असलं की शिक्का मारून म्हणतं."

तर आपण जाऊन बक्षीस मागायचं. सरकार तपासणार. खबर देणाऱ्याचा अंगठा त्यांच्याकडे असतो, हे त्यांना पोस्टमनकडून कळलं होतं. आपला जुळणार नाही. मग सरकार लिहून देणार की सिद्रामप्पा हत्तुरे हा खबरी नाही, सबब बक्षीस नामंजूर. तो कागद लॅमिनेशन करून दारावर लावायचा आणि एक झेरॉक्स प्रत्येक कारखान्यात द्यायची. यात त्यांना एकही अडचण दिसत नव्हती. मलाही पटकन दिसेना. फॉर्म भरायला आणि साहेबाशी बोलायला त्यांना बरोबर कोणीतरी हवं होतं, आणि कारखान्यातला त्यांच्या घरी अजून जाणारा मी एकटाच उरलो होतो.

पुण्यात उतरल्यावर मी तीन जणांना त्या ऑफिसचा पत्ता विचारला. तिसऱ्यानं भलताच रस्ता सांगितला आणि मामा त्या रस्त्याला लागलेसुद्धा. मी त्यांना अंदाजानं परत वळवलं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, जिन्याखाली झेरॉक्सवाला. आत चौबळ नावाचे साहेब बसले होते. त्यांनी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. अनोळखी माणसाकडे बघतात त्याहून जरा कमीच बघितलं.

मी सांगायला सुरुवात केली, पण मामांनी मला थांबवलं. त्यांना स्वतःच सांगायचं होतं.

"बक्षीस मागायला आलोय, साहेब. सोलापूरच्या चादरीचं."

"बरं."

"पण खबर मी दिलेली नाही."

चौबळ साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "मग मागताय कशासाठी?"

"तुम्ही नाही म्हणावं म्हणून."

साहेबांनी खणातून फॉर्म काढला, कारण मागणाऱ्याला फॉर्म द्यायचा असा नियम होता आणि न मिळण्यासाठी मागणाऱ्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. मी फॉर्म भरला. मामांनी सुतळीची गाठ दातांनी सोडली, रुमाल उलगडला आणि इतक्या जपणुकीनं अंगठा पॅडवर ठेवला की शेजारच्या टेबलावरचा क्लार्क उभा राहून बघायला लागला. ठसा घेऊन साहेब आतल्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी आले.

"जुळला नाही ना?" मामांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"नीट उठला नाही का?"

"उत्तम उठलाय. एवढा स्वच्छ ठसा मी या नोकरीत बघितला नाही. पण जुळला असं मी सांगू शकत नाही आणि जुळला नाही असंही सांगू शकत नाही. गुप्तता असते."

खबऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं हे मामांना मान्य होतं. जो खबरी नाहीच त्याच्या बाबतीत काय गुप्त ठेवायचं, ते त्यांना कळेना. साहेबांनी समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावलं. कारखान्यात माणसं किती होती? चाळीस. आज तुम्ही आलात, तुम्हाला मी लिहून दिलं की हा नव्हे. उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. एकोणचाळीस जणांना असा कागद दिला की चाळिसाव्यानं यायची गरजच राहत नाही.

मामा ऐकत होते. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी शाई लागलेला अंगठा पुन्हा रुमालात बांधला.

"मग मी काय करायचं, साहेब?"

साहेब म्हणाले, अर्ज घेतलाय, काय असेल ते लेखी कळवू. मग फॉर्मवर साक्षीदाराची सही राहिलीय म्हणाले आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. मामा बाहेरच्या बाकावर बसले आणि मामींनी दिलेली भाकरीची पिशवी सोडायला लागले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. या ऑफिसात मी दुसऱ्यांदा आलो होतो.

पहिल्यांदा आलो तो सात महिन्यांपूर्वी. मालकांना मावसभावाचं लग्न सांगितलं होतं. खबर देणारं पत्र मी लिहिलं होतं, आणि आतल्या खोलीतल्या कपाटात जो अंगठा होता तो माझा होता. देशासाठी केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला मोटारसायकल घ्यायची होती. त्या हिवाळ्यात वसतिगृहातली मुलं काय पांघरून झोपली असतील, हे मी पत्रात लिहिलं नव्हतं, कारण ते मला सुचलंच नव्हतं. ते पुढे सुचलं, आणि मग सुचायचं थांबलं नाही.

पत्रात बिलांचे नंबर होते, तारखा होत्या, ट्रकचा नंबर होता. एवढं पुरेसं होतं. चौबळ साहेब तेव्हाच म्हणाले होते की एवढं भरपूर आहे. पण पत्राच्या शेवटी मी एक वाक्य घातलं होतं. आमच्या चादरींना सरकारी गोदामापेक्षा विभूतीच जास्त वेळा लागली आहे, विश्वास नसेल तर गठाणींवरचे पट्टे मोजा, असं काहीसं. लिहिल्यावर मी एकटाच हसलो होतो. मित्राला दाखवता येत नाही म्हणून वाईट वाटलं होतं. त्या वाक्याची काही गरज नव्हती. मला ते फार आवडलं होतं, म्हणून मी ते ठेवलं.

आतल्या खोलीत साहेबांनी दार लोटलं.

"हाच का तो पट्टेवाला?"

मी हो म्हणालो.

साहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले की या माणसाला मी कागद देऊ शकतो, पण एकाच रीतीनं. खऱ्या खबऱ्यानं गुप्तता सोडतो असं लिहून दिलं पाहिजे. मग नाव जाहीर होतं, आणि मग हा तो नव्हे असं लिहायला मला कोणाची आडकाठी नाही. त्यांनी तो फॉर्म माझ्यासमोर ठेवला. अर्ध्या पानाचा होता. नाव, पत्ता, सही, अंगठा. पंखा लागलेला होता म्हणून त्यांनी त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला, आणि त्या पेपरवेटखालून मला फक्त 'स्वखुशीने' एवढा शब्द दिसत होता.

मी सोलापूरचा विचार केला. अंबादासचा केला. वडील त्याच गल्लीत दुकानात बसायचे, त्यांचा केला. आणि तीन कारखान्यांतल्या त्या तीन खुर्च्यांचा केला, ज्यांवर पुढच्या खेपेला मी बसलो असतो.

"दुसरं काही करता येतं का?" मी विचारलं.

"कसलं दुसरं?"

"बक्षीस मला नको. ते त्यांना देता येईल का?"

खबऱ्याला आपली रक्कम दुसऱ्या कोणाच्या नावे करता येत होती, त्यालाही फॉर्म होता. आजारी माणसं बायकोच्या नावे करतात, साहेब म्हणाले. तो फॉर्म त्यांनी खणातून जरा सावकाश काढला.

"चेकवर नाव त्यांचं येईल. विचार करून लिही."

मी लगेच लिहिलं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मोटारसायकल सोडली होती. मामा-मामींचं म्हातारपण निघेल असं काहीतरी केलं होतं, तेही गुपचूप, नाव न होता. जिन्यातून उतरताना मला स्वतःबद्दल जे वाटत होतं ते आज कोणाला सांगायची लाज वाटते.

चेकवर मामांचं नाव येण्याचा अर्थ काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. मी बिलिंग क्लार्क होतो. कागदावर ज्याचं नाव त्याचा माल, एवढं सोडून मला त्या कारखान्यात दुसरं काही शिकवलेलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मामा खुशीत होते. त्यांचा हिशेब सरळ होता. हो म्हणायचं असतं तर साहेबांनी तोंडावर म्हटलं असतं. लेखी कळवतो म्हणाले, म्हणजे नाहीच. त्यांनी मला अर्धी भाकरी दिली, शेंगाची चटणी दिली आणि भिगवणपर्यंत लॅमिनेशनचं दुकान कुठलं चांगलं यावर बोलत राहिले. मग एकदम म्हणाले, तुझ्यासारखी माणसं सरकारात पाहिजेत. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऊस होता.

दीड महिन्यानं रजिस्टर्ड पत्र आलं. मामांनी सही करून घेतलं आणि फोडलं नाही. आपण एकट्यानं फोडलं तर लोक म्हणतील की मनानंच काहीतरी वाचतो. म्हणून त्यांनी रविवारी सकाळी कारखान्यातल्या सगळ्यांना घरी बोलावलं. घरोघर स्वतः गेले. चाळिसांतले पंचवीस-सव्वीस आले, काही नुसते मजा बघायला. मामींनी शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. ओट्यावर, पायरीवर, समोरच्या कट्ट्यावर माणसं ताटल्या घेऊन बसली, आणि कितीतरी महिन्यांनी त्या दारासमोर मोठ्यानं बोलणं चाललं होतं. अंबादास माझ्या शेजारीच उभा होता. मामींनी त्याला दुसरी पोळी आग्रह करून वाढली आणि त्यानं ती घेतली. हे मला नीट आठवतं, कारण मामींनी लगेच मामांकडे बघितलं होतं.

मामांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "हेमंत वाचंल," ते सगळ्यांना म्हणाले. "बिलं वाचायचा आपली. त्याचं वाचणं एकदम स्पष्ट."

पाकीट फोडलं तेव्हा बोटांना आत टाचणी लागली. टाचणीखाली चेक होता.

मी वाचायलाच पाहिजे होतं असं काही नव्हतं. मी खोटं वाचू शकलो असतो, पण अंबादास खांद्यावरून बघत होता. मी खरं सांगू शकलो असतो. त्यासाठी कागदही लागत नव्हता. पंचवीस माणसं पोळी खात माझ्याकडे बघत होती, मामा दारात उभे होते, त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. मी घसा साफ केला आणि वाचलं.

"श्री. सिद्रामप्पा मल्लप्पा हत्तुरे यांस. सोलापूर येथील चादर पुरवठा प्रकरणी बक्षिसाची रक्कम आपल्या नावे मंजूर करण्यात आली आहे. धनादेश सोबत जोडला आहे. आपल्या सहकार्याबद्दल शासन आपले आभारी आहे."



"परत वाच," मामा म्हणाले.

मी परत वाचलं. स्पष्ट वाचलं.

"मागच्या बाजूला बघ की. मागं असंल काहीतरी."

मागची बाजू कोरी होती. मी ती सगळ्यांना दिसेल अशी धरली.

अंबादासनं ताटली ओट्यावर ठेवली. दुसरी पोळी त्यात तशीच होती. तो मामांसमोर गेला आणि अजिबात राग नसलेल्या आवाजात म्हणाला, "अभिनंदन, मामा." त्याच्यामागून दुसरा आला, तोही अभिनंदन म्हणाला. मग सगळे ओळीनं येत गेले, एकेक जण ताटली ठेवायचा, अभिनंदन म्हणायचा आणि जायचा. मामा प्रत्येकाला हात जोडत होते. सवयच होती त्यांना, कोणी समोर आलं की हात जोडायची.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण मला त्या सकाळपाशीच थांबायचं आहे. मामांनी तो चेक कधी बँकेत भरला नाही. सहा महिन्यांनी त्याची मुदत संपली. त्याच्या आत ते दोघं मामींच्या माहेरी, इंडीच्या बाजूला एका खेड्यात निघून गेले. तिथंही बातमी त्यांच्या आधी पोचली होती, असं ऐकलं. चौथ्या वर्षी मामा गेले. मला नाशिकला चांगली नोकरी लागली, हिशेब तपासायची. माझ्या लग्नात स्टेजवर दोनशे माणसं ओळीनं अभिनंदन म्हणत येत होती, आणि अल्बममधल्या एकाही फोटोत मी समोर बघत नाही. बायको विचारते, एवढं काय पडलं होतं खाली? मुलाच्या वेळी दवाखान्यात नर्स तोच शब्द म्हणाली आणि मी तिला म्हणालो, असं म्हणू नका. तिला वाटलं, मुलगी हवी होती.

तर ती सकाळ. सगळे गेले होते. ओट्यावर पंचवीस ताटल्या होत्या आणि जवळपास प्रत्येकीत पोळी शिल्लक. मामा आत जाऊन भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पत्र मांडीवर घेतलं होतं आणि शिक्क्यावरून बोट फिरवत होते.

"शिक्का खरा आहे का बघ," ते मला म्हणाले.

मी बघितला. खरा आहे म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी दाराजवळ उभा होतो आणि बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, एवढं मला अजून स्वतःबद्दल सांगता येतं. तेवढ्यात मामी आतून आल्या. त्यांच्या हातात एका फडक्यात बांधलेल्या पोळ्या होत्या. त्या त्यांनी माझ्या हातात दिल्या.

"सगळे गेले," त्या म्हणाल्या. "तू एकटा थांबलास. पहिल्यापासून तू एकटाच."

"मामी, मला एक..."

"काय बोलू नको. आता तू पण जा, हेमंत. पुढच्या दारानं नको, मागच्या बोळातनं जा. तुझं वय काय, तुला अजून नोकरी बघायचीय, लगीन व्हायचंय. इथं बसलेला दिसलास तर उद्या तुलाच खबऱ्या म्हणतील."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी मान वर करून हातानं खूण केली, जा, ती बरोबर बोलतेय.

मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या बोळातून गेलो.